गळकं क्विक कपलिंग: वर्कशॉपमध्ये आणि बांधावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की कोल्हापुरात हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या माणसाच्या दारात एकच तक्रार येते: कपलर गळतोय. कपलर म्हणजे क्विक कपलिंग, दाबाच्या तेलाचा होज हाताने झटकन जोडायचा-सोडायचा जोड. गळीत हंगाम तोंडावर आलेला असतो. ट्रॉलीचे जॅक, पलटी नांगर, ऊसतोडणी यंत्रं, बॅकहो लोडर सगळ्यांना एकदम घाई असते. मी कपलिंगची ड्रॉइंग करतो आणि परत आलेली कपलिंगं उघडून बघतो. इथले निम्मे प्रश्न शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातल्या बनवणाऱ्यांनी विचारलेले आहेत, निम्मे वापरणाऱ्यांनी. दोघांनी एकमेकांचेही वाचावेत, कारण एकाची चूक दुसऱ्याच्या हातात गळते.

कपलिंग गळतं म्हणजे नेमकं कुठून गळतं?

आधी हे बघा, मग पाना हातात घ्या. जागा चार आहेत. मेल (आत शिरणारा भाग) आणि फिमेल (त्याला आत घेणारा भाग) जोडलेले असताना दोघांच्या मधल्या सीलमधून तेल येतं. जोड सोडल्यावर एखाद्या भागाचा आतला व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि तोंडातून थेंब येतो. जोडताना-सोडताना मधल्या पोकळीत अडकलेलं तेल सांडतं. आणि चौथी जागा म्हणजे मागचे आटे, जिथे कपलिंग होजला किंवा ब्लॉकला जोडलेलं असतं. या चौथ्या जागेचा दोष बहुतेक वेळा बिचाऱ्या कपलिंगवर ढकलला जातो. चिंधीने सगळं कोरडं पुसा, दाब द्या, पाच मिनिटं लांब उभं राहून बघा. पहिला ओला ठिपका कुठे उमटतो तो खरा.

थोडं गळणारच, हायड्रॉलिक आहे. एवढं मनावर का घ्यायचं?

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण चार लिटर तेल. पैशाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मला त्याहून जास्त खुपतं ते हे की ते तेल उसाच्या सरीत उतरतं, पावसात ओढ्याला लागतं आणि शेवटी पंचगंगेत जातं. शिवाय जिथून तेल बाहेर येतं तिथूनच धूळ आत जाते. टाकीत तेल परत नेणाऱ्या रिटर्न लाइनला कधी कधी क्षणभर उलटी ओढ लागते, तेव्हा ओल्या सीलवर चिकटलेली माती थेट तेलात ओढली जाते. मग पंप घासतो, व्हॉल्व्हमधले सरकते दांडे, म्हणजे स्पूल, अडकतात, आणि कपलिंगच्या सीलची किंमत पंपाच्या बिलातून मोजावी लागते.

सील तीनदा बदललं, तरी पुन्हा गळतंय. सीलच खराब येतात का?

सील खराब असू शकतं, पण तीनदा लागोपाठ खराब असत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. रबर गळत नाही. रबराला दिलेलं घर चुकलेलं असतं. हेच वाक्य मी प्रत्येक नव्या टर्नरला सांगतो, आणि पुढची बरीचशी उत्तरं त्याचाच विस्तार आहेत.

एक उदाहरण डोळ्यासमोर आहे. अर्धा इंची फिमेल भागांचा एक लॉट चाचणीत गळत होता, सगळे नाहीत, दहात दोन-तीन. ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल सील, बाहेर काढून दहापट भिंगाखाली फिरवली. एकाच जागी अर्धचंद्रासारखा बारीक काप, नखाच्या कडेने ओरखडा काढावा तसा. दुसऱ्या रिंगला तोच काप, तेवढाच. म्हणजे कापणारं हत्यार एकच होतं. शोधत गेलो तर मेलला अडकवून धरणाऱ्या छऱ्यांसाठी (पोलादी गोळ्या) आडवी भोकं पाडली होती त्यांची आतली कड जशीच्या तशी धारदार. असेंब्ली करणारा मुलगा ओ-रिंग बोटाने दाबून आत सरकवायचा तेव्हा ती भोकाच्या कडेवरून जायची आणि कड आपलं काम करायची. उपाय अगदी साधा: आडव्या भोकांची आतली कड मारून घेणं आणि ओ-रिंग बसवायला गुळगुळीत प्लास्टिकची टोपी वापरणं. त्यानंतर त्या लॉटमधला एकही नग त्या कारणाने परत आला नाही.

म्हणून सील बदलण्याआधी जुनं सील फेकू नका, वाचा. एकाच जागी काप असेल तर असेंब्लीत धार आहे. सगळीकडून कड कुरतडल्यासारखी असेल तर फट जास्त आहे आणि दाबाने रबर फटीत शिरतंय. रिंग चपटी झाली असेल तर उष्णता किंवा चुकीचं रबर. पीळ पडल्यासारखी वळी दिसली तर जोडताना ती खाचेत लोळतेय. फुगून मऊ झाली असेल तर तेल आणि रबर यांचं जमत नाही.

मग ओ-रिंगच्या खाचेची मापं काय धरायची?

२.६२ मिमी जाडीच्या रिंगचं उदाहरण घेऊ, कारण छोट्या कपलिंगमध्ये ती नेहमी लागते. मेल भाग जिच्यातून सरकत जातो अशा सीलसाठी रिंगला मिळणारी एकूण जागा, म्हणजे खाचेची खोली आणि फट धरून, साधारण २.२५ मिमी ठेवा. दाबणी, म्हणजे रिंग जाडीत जितकी दाबली जाते ते प्रमाण, १४ टक्के येते. खाचेची रुंदी ३.६ मिमी धरली तर रिंग खाचेचा सुमारे दोन तृतीयांश भाग व्यापते आणि उरलेल्या जागेत तिला तापून फुगायला वाव राहतो. बॅकअप रिंग (ओ-रिंगला फटीत शिरू न देणारी कडक रिंग) घालणार असाल तर रुंदी ४.४ मिमीच्या आसपास न्या.

"कडक बसू दे" म्हणून ही जागा २.०५ वर आणणारे मी बरेच पाहिले आहेत. दाबणी २२ टक्क्यांवर जाते, जोडायला जोर लागतो, रिंग खाचेत पीळ खाते आणि हंगाम संपायच्या आत झिजते. उलट २.५ ठेवली तर दाबणी पाच टक्क्यांच्याही आत. अशी रिंग २०० बारला गळत नाही, पण २ बारला गळते. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. कारण सोपं आहे: जास्त दाबात तेलच रिंगला भिंतीवर दाबून धरतं, कमी दाबात तिला स्वतःच्या दाबणीवरच उभं राहावं लागतं.

मेलचा जो दंडगोल सीलमधून सरकतो त्याचं फिनिश आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ०.२ ते ०.४ मायक्रॉन हवं. नुसत्या टर्निंगला ते नेमाने मिळत नाही. रोलर बर्निशिंग किंवा ग्राइंडिंग करा. आणि मेलच्या टोकाला १५ ते २० अंशांचा लांब उतार द्या, ४५ अंशांचा आखूड चॅम्फर नको. रिंगवर ते टोक चढलं पाहिजे, आदळता कामा नये.

बॅकअप रिंग खरंच लागते का?

ज्या कपलिंगवर ३५० बारचा शिक्का मारायचा आहे त्यात लागते. ७० शोअर कडकपणाची साधी ओ-रिंग ०.१ मिमी फटीत साधारण १०० बारपुढे भरवशाची राहत नाही. दाबाने बॉडीसुद्धा किंचित फुगते, म्हणजे कागदावरची फट कामात आणखी वाढते. ९० शोअरची रिंग घेतली तरी तिच्यामागे टेफ्लॉनची बॅकअप रिंग द्याच.

ती कुठल्या बाजूला, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा: तेल ज्या बाजूने ढकलतं तिच्या विरुद्ध, म्हणजे फिमेलमध्ये तोंडाकडच्या बाजूला. उलटी बसवलेली बॅकअप रिंग म्हणजे नसल्यात जमा. असेंब्लीच्या टेबलावर याचं चित्र मोठं करून लावा.

पॉपेट घ्यावं की फ्लॅट-फेस?

ट्रॅक्टरच्या मागे जे दिसतं ते पॉपेटचं, म्हणजे स्प्रिंगने बंद होणाऱ्या टोकदार व्हॉल्व्हचं, आयएसओ ७२४१ च्या ए मालिकेच्या मापाचं. मजबूत, स्वस्त, कुठल्याही दुकानात मिळतं. पण त्याच्या दोन व्हॉल्व्हच्या मध्ये पोकळी राहते, त्यामुळे सोडताना थोडं तेल सांडणार आणि जोडताना तेवढी हवा आत जाणार. शिवाय तोंडाच्या खळग्यात माती बसते आणि ती नीट पुसता येत नाही.

फ्लॅट-फेसमध्ये, म्हणजे आयएसओ १६०२८ च्या प्रकारात, दोन्ही भागांची तोंडं सपाट असतात आणि एकमेकांना टेकूनच आत सरकतात. मध्ये पोकळी जवळजवळ नसते. सोडल्यावर तोंडावर तेलाचा नुसता ओलावा राहतो आणि एका फडक्यात ते स्वच्छ होतं. ज्याला खरोखर गळतीमुक्त कपलिंग बनवायचं आहे त्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत जास्त पडते, कारण आत सरकणारी स्लीव्ह, तिचं सील आणि दोन्ही तोंडांचा सपाटपणा सांभाळावा लागतो. दोन तोंडांपैकी एक जरी ०.१ मिमी खोल राहिलं तरी तिथे तेलाची चकती साचते, आणि मग फ्लॅट-फेस हे नुसतं नाव राहतं.

लोडरच्या पुढच्या जोडसाधनांना फ्लॅट-फेसच लावा, आणि बाहेरच्या स्लीव्हला (मागे ओढून जोड सोडायची नळी) फिरवून लॉक करायची सोय असलेलं. होज जमिनीवर घासला की साधी स्लीव्ह मागे सरकून जोड सुटू शकतो.

छर्रे आठ ठेवले तर चालतील? बाराचं ड्रिलिंग महाग पडतं.

हिशेब करून ठरवा. समजा सीलचा व्यास २० मिमी आहे. क्षेत्रफळ ३१४ चौरस मिमी. ३५० बार म्हणजे दर चौरस मिमीला ३५ न्यूटन. गुणाकार केला की ११,००० न्यूटन, म्हणजे ११०० किलोच्या वर. मूठभर आकाराच्या त्या कपलिंगचे दोन भाग एक टनाहून जास्त जोर लावून एकमेकांपासून दूर पळू बघत असतात. चारपट सुरक्षितता धरली तर फुटण्याच्या चाचणीत साडेचार टनांच्या आसपास.

हा सगळा जोर छर्रे पेलतात. आठ असतील तर प्रत्येकी सुमारे १४० किलो, बारा असतील तर ९३. मेलच्या ज्या खाचेत छर्रे बसतात तिचा उतार ४५ अंशांचा असेल तर छऱ्याच्या टेकणीवर येणारा जोर याच्या आणखी सुमारे १.४ पट. आणि हे सगळे छर्रे सारखे टेकतात असं धरून. भोकं एका पातळीत नसतील तर आठातले पाचच काम करतात, बाकीचे पाहुणे.

आता बघा काय होतं. छर्रा ६० एचआरसीच्या (पोलादाची कठीणता मोजायचं रॉकवेल माप) वर कठीण. मेलची खाच मऊ असेल तर छर्रा तिच्यात ठसा उमटवतो. दाब चढ-उतार झाला की मेल पुढे-मागे हलतो, ठसा खोल होतो, हलणं वाढतं. मेल जेवढा हलतो तेवढं सील घासतं. ग्राहक म्हणतो सील गेलं. गेलेली असते खाच. जुन्या मेलच्या खाचेवर नख फिरवून बघा. खड्डे नखाला लागले तर त्या मेलला नवीन सील घालून उपयोग नाही.

म्हणून बारा छर्रे, खाच ५० ते ५५ एचआरसी, आणि कठीण थर पुरेसा जाड. थर पातळ आणि आत मऊ लोखंड असेल तर तो अंड्याच्या टरफलासारखा पिचतो. रॉक ब्रेकरसारख्या सतत ठोके देणाऱ्या कामाला मात्र छऱ्याचं कपलिंग वापरूच नका. तिथे आट्यांनी आवळायचं कपलिंगच टिकतं, कारण त्यात हलायला जागाच उरत नाही.

आपल्याकडे एवढ्या फाउंड्री आहेत. बॉडी एसजी आयर्नमध्ये (चिवट बीड) ओतली तर?

हा प्रश्न कोल्हापुरातच विचारला जातो आणि तो रास्त आहे. पंपाच्या, व्हॉल्व्हच्या मोठ्या बॉड्या एसजी आयर्नच्या असतात आणि उत्तम चालतात. पण कपलिंगची भिंत पातळ, तिच्यात सीलची खाच, छऱ्यांची भोकं, आटे, सगळं दाटीवाटीने. ओतकामात बारीकशी सच्छिद्रता राहिली आणि मशिनिंगने ती उघडी पडली की बॉडीला ३०० बारला घाम फुटतो. तेल थेंबाने नाही, ओलसर चकाकीने येतं, आणि कारण शोधण्यात आठवडा जातो. बारमधून कापलेलं किंवा फोर्जिंगचं पोलादच घ्या. हाताने मशीन करायला सोपं म्हणून फ्री-कटिंग पोलाद मेलसाठी वापरू नका. कमी दाबाच्या फिमेल स्लीव्हला ते चालेल.

प्लेटिंगने मापं बिघडतात, काय करायचं?

ड्रॉइंगवर लिहा: मापं प्लेटिंगनंतरची. १० मायक्रॉनचा थर व्यासावर २० मायक्रॉन वाढवतो, आणि आट्यांवर त्याहून जास्त जाणवतो. टर्नरने प्लेटिंगआधीचं माप वेगळं ठेवावं, त्याचा गो-नो गो गेजही (माप मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणारा) वेगळा असावा.

झिंक-निकेल साध्या झिंकपेक्षा गंजाला कितीतरी जास्त काळ दाद देत नाही. युरियाचा हात, उसाचा रस आणि गगनबावड्याकडचा पाऊस हे सगळं ज्या कपलिंगला सोसायचं आहे त्याला तेच द्या. आणि कठीण केलेले भाग प्लेटिंगनंतर लगेच, चार तासांच्या आत, १९० ते २२० अंशांवर काही तास भट्टीत ठेवायला सांगा. प्लेटिंगच्या वेळी पोलादात शिरलेला हायड्रोजन तसाच राहिला तर तो भाग दिसायला नवा कोरा असतो आणि काही दिवसांनी विनाकारण तडकतो.

दुपारी नांगर जोडायला गेलं की कपलर बसतच नाही. सकाळी बसत होता. काय बिघडतं?

काहीच बिघडत नाही, ऊन लागलेलं असतं. कागलकडचे एक शेतकरी हातात मेल घेऊन आले होते, त्याचं तोंड ठोकून ठोकून फुलासारखं पसरलेलं. म्हणाले, "हातोडा मारल्याबिगर बसतच न्हाई ओ." मी म्हटलं, "दादा, नांगर कुठं उभा असतोय?" तर म्हणाले, "बांधावर, उन्हात."

नांगराच्या सिलिंडरमध्ये आणि होजमध्ये तेल दोन्हीकडून बंद असतं. तेल तापलं की फुगतं आणि त्याला जायला वाट नसते. पूर्ण ताठ पाइपमध्ये दर अंशाला सुमारे १० बार दाब वाढतो. वीस अंश तापलं तर २०० बार. होज थोडा ताणला जातो म्हणून प्रत्यक्षात याहून कमी, पण १०० बार धरा. पॉपेटच्या सीटचा व्यास ११ मिमी असेल तर क्षेत्रफळ ९५ चौरस मिमी आणि जोर साधारण ९७ किलो. जवळजवळ क्विंटलभर वजन अंगठ्याने मागे ढकलायला सांगितल्यासारखं आहे ते.

हातोडा मारला की मेलचं तोंड पसरतं, पुढच्या वेळी तेच तोंड फिमेलच्या सीलला कापतं आणि मग ट्रॅक्टरही गळायला लागतो. बोल्ट ठेवून पॉपेट दाबून तेल उडवणं तर त्याहून वाईट; तो फवारा डोळ्यात किंवा हातात जातो. त्यापेक्षा सिलिंडरवर आणि होजवर ओलं पोतं टाका, अर्धा तास थांबा. जसा दाब चढला तसाच उतरतो. आणि पुढच्या वेळी सोडतानाच काळजी घ्या: नांगर पूर्ण जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, लीव्हर दोन्हीकडे दोन-तीनदा हलवा, मग जोड सोडा. नांगर सावलीत लावा.

बनवणाऱ्यांसाठी: मुख्य पॉपेटच्या पोटात ३ मिमी व्यासाचा छोटा व्हॉल्व्ह द्या. तो आधी उघडतो, त्याच्यावर १०० बारला फक्त ७ किलोच जोर लागतो. अडकलेला दाब त्यातून निघून गेला की मोठा पॉपेट आपोआप ढिला पडतो. भाग वाढतात, खर्च वाढतो, पण शेतकऱ्याच्या हातातला हातोडा खाली ठेवायला लावणारा हाच मार्ग आहे.

एक कपलर नीट बसला नाही तर फार तर जॅक चालणार नाही ना?

नाही, हे नीट समजून घ्या. दोन्हीकडून चालणाऱ्या सिलिंडरमध्ये रॉडच्या बाजूचा कपलर अर्धवट बसला असेल तर त्याचा व्हॉल्व्ह बंदच राहतो. तुम्ही पिस्टनच्या बाजूला २५० बार दिलात, रॉडच्या बाजूचं तेल बाहेर पडू शकत नाही, आणि तिकडचं क्षेत्रफळ निम्मं असेल तर तिथे ५०० बार तयार होतात. होज फुटतो किंवा कपलरचा व्हॉल्व्ह फाटतो. लोक म्हणतात माल हलका होता. जोडल्यावर स्लीव्ह पूर्ण पुढे आली का हे बघा आणि होज जरा ओढून बघा.

७०० बारच्या जॅकना जे आट्यांचे कपलर असतात तिथे हे आणखी महत्त्वाचं. हाताने फिरवत न्या, शेवटपर्यंत, फट दिसायची बंद होईपर्यंत. अर्ध्या आट्यांवर सोडलं तर भार उचलला जाईल पण उतरणार नाही.

मागच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळावी का?

नको. समांतर आट्यांमध्ये टेप सील करतच नाही, आणि तिचे तुकडे तेलात जाऊन व्हॉल्व्हच्या सीटवर बसतात. ओ-रिंगने किंवा बॉन्डेड वॉशरने बंद होणारं पोर्ट निवडा. बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आणि मेट्रिक आटे दोन फेरे ऐकतात म्हणून ते एक आहेत असं समजून आवळू नका.

फाउंड्रीतल्या फर्नेसच्या हायड्रॉलिकला तेच कपलिंग चालेल?

आधी टाकीत काय आहे ते विचारा. साध्या खनिज तेलाला एनबीआर (नायट्राइल) रबर उत्तम, साधारण १०० अंशांपर्यंत. त्याहून गरम जागी एफकेएम (व्हिटॉन प्रकारचं रबर). फर्नेसजवळ आगीच्या भीतीने पुष्कळ ठिकाणी वॉटर-ग्लायकॉल, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण, असतं. त्याला एनबीआर चालतं, पण झिंकचं प्लेटिंग चालत नाही, ते द्रव झिंक खातं. तिथे स्टेनलेस घ्या. फॉस्फेट एस्टर (सहजी आग न धरणारं दुसरं द्रव) असेल तर एनबीआर फुगून लापशी होतं. आणि ईपीडीएम रबराची रिंग खनिज तेलात कधीही घालू नका. काळ्या रिंगा सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून त्या एकाच डब्यात ठेवू नका. फाउंड्रीची वाळू छऱ्यांच्या भोकांत बसून स्लीव्ह अडकवते, तिथे झाकण लावणं टाळता येणार नाही.

कपलर हाताला गरम लागतो. दोष आहे का?

बहुतेक वेळा कपलर लहान निवडलाय. तेलाचा प्रवाह दुप्पट केला की दाबातली घट सुमारे चौपट होते. ४५ लिटरला २ बार घट असलेल्या कपलिंगमधून मिनिटाला ९० लिटर पाठवले तर ८ बार जातात, आणि ९० गुणिले ८ भागिले ६०० म्हणजे १.२ किलोवॅट, घरातल्या गिझरच्या निम्म्याच्या आसपास. एवढी उष्णता त्या सीलच्या शेजारी तयार होते. एक माप मोठा घ्या. रिटर्न लाइनला तर नेहमीच.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे मेल-फिमेल जोडले तर?

दोन्ही एकाच आयएसओ मालिकेचे असतील तर बसले पाहिजेत. पण बसणं आणि न गळणं वेगळं. मापांच्या मुभा (टॉलरन्स) दोघांच्या दोन टोकांना असतील तर सीलची दाबणी कमी पडते किंवा व्हॉल्व्ह अर्धेच उघडतात. शेतकऱ्याला पर्याय नसतो, ट्रॅक्टर एकाचा आणि अवजार दुसऱ्याचं. म्हणून बनवणाऱ्यानेच मुभेच्या दोन्ही टोकांचे मास्टर मेल करून ठेवावेत आणि प्रत्येक लॉट दोघांबरोबर तपासावा. मी हे आग्रहाने सांगतो, कारण यात वेळ फार जात नाही आणि तक्रारी खूप वाचतात.

चाचणी कशी करायची? आमच्याकडे फक्त पंप आणि गेज आहे.

पंप आणि गेजवर बरंच होतं. पहिली चाचणी कमी दाबाची: जोडलेलं कपलिंग पाण्यात बुडवून आत अर्धा ते एक बार हवा द्या आणि दोन मिनिटं बुडबुडा येतो का बघा. मग हेच मेल आणि फिमेल वेगवेगळे करून. बहुतेक वर्कशॉप ही पायरी सोडून थेट ३५० बारला जातात, आणि सुरुवातीला सांगितलं तसं कमी दाबणीचं सील तिथे पास होतं.

दुसरी तेलाची: कामाचा दाब, मग दीडपट, प्रत्येक वेळी कोरडं पुसून पाच मिनिटं. दाब असताना होज बाजूला ओढून आणि फिरवून बघा, कारण शेतात तो सरळ कधीच लटकत नाही. तिसरी, नमुन्यापुरती: चारपट दाबापर्यंत नेऊन फोडा आणि कुठून फुटलं ते जपून ठेवा. चौथी चिकाटीची: हजारो वेळा दाब चढवा-उतरवा, मग पहिली चाचणी पुन्हा करा. गळती मोजायची ती त्या नंतरची.

मोठ्या दाबाची चाचणी कधीही हवेने करू नका. दाबलेल्या हवेत साठलेली ताकद फुटताना तुकडे गोळीसारखे फेकते. तेल जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून ते फुटताना दाब लगेच पडतो. तरीही पोलादी पेटी आणि जाड झाकण हवंच.

गळती हाताने चाचपून शोधली तर चालते ना?

अजिबात नाही. टाचणीएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार दिसत नाही, पण ती कातडीतून आत जाते. बाहेर मुंगी चावल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत बोटाचा मांसल भाग मरत जातो. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना सांगा. उशीर झाला की बोट जातं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा लांब तुकडा पुढे धरा.

धुळीच्या झाकणाची एवढी गरज आहे का?

आहे. झाकण नसेल तर प्लास्टिकची पिशवी बांधा, पण तोंड उघडं ठेवू नका. जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ सुती फडक्याने पुसा, बनियनच्या सुटलेल्या धाग्यांनी नाही. आणि झाकणाची आतली बाजूही पुसा. तीच मातीत पडलेली असते.

हंगामाच्या मध्येच कपलर गळायला लागला. सील बदलू की पूर्ण नवीन घेऊ?

पहिल्यांदा मेलची खाच आणि तोंड बघा. खाचेत खड्डे लागत असतील, तोंड ठोकून पसरलं असेल किंवा सरकणाऱ्या दंडगोलावर उभा ओरखडा नखाला लागत असेल, तर मेल बदला. त्याला पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करायला जाऊ नका, व्यास कमी होतो. मेल ठीक असेल तर फिमेलचं सील आणि बॅकअप रिंग दोन्ही एकदम बदला, नवी रिंग त्याच तेलात बुडवून घ्या आणि स्क्रू-ड्रायव्हरने ढकलू नका. स्लीव्ह मागे ओढून सोडल्यावर स्वतःहून पूर्ण पुढे येत नसेल तर स्प्रिंग थकलेली आहे, फिमेल बदला. जुना भाग फेकण्याआधी पिशवीत घालून, कुठल्या ट्रॅक्टरला किती दिवस चालला ते पिशवीवर लिहून, ज्याच्याकडून घेतला त्याच्या हातात परत द्या. परत आलेला गळका कपलर आम्हाला नव्या ड्रॉइंगइतकाच उपयोगी पडतो.